मैनाच्या पाठीवरची झूल

ही गोष्ट मी आजवर दोन ठिकाणी सांगितली आहे. सदाशिव पेठेत एका तऱ्हेने, आणि हडपसरला आमच्या वस्तीवर दुसऱ्या तऱ्हेने. दोन्हीकडे लोकांनी ती खरी मानली. अख्खी गोष्ट मात्र मी कुणालाही सांगितलेली नाही — नवऱ्याला नाही, लेकींना नाही, देवघरात एकटी असतानासुद्धा नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढे माझी मान खाली जात नाही. तिला ती सवयच लावलेली नाही मी.

आधी मी कोण ते ऐका. नाहीतर तुम्हाला वाटेल, कुणी बापुडी म्हातारी डोळ्यांना पदर लावून बसली आहे. तसलं काही नाही. मी गवळ्याची लेक आणि गवळ्याची सून. हडपसर हे गाव होतं तेव्हापासून आमच्या म्हशींचं दूध पुण्याच्या पेठांमध्ये जायचं. माझे मालक सायकलला किटल्या अडकवून नारायण पेठ करायचे आणि सदाशिव पेठ माझी होती. मी किटल्या घेऊन पहिल्या बसने जायची. कंडक्टर माझ्या किटल्यांना जागा राखून ठेवायचा, कारण एकदा त्याने ठेवली नव्हती तेव्हा मी त्याला थेट स्वारगेटपर्यंत ऐकवलं होतं.

आणि सदाशिव पेठेला दूध घालणं म्हणजे काय, हे ज्याने घातलंय त्यालाच विचारा. तिथल्या बायका दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घेऊन बघायच्या. ओघळला की तुमचा रतीब दुसऱ्या दिवसापासून बंद. माझ्या दुधाचा थेंब नखावर टिकलीसारखा बसायचा. एक शिक्षिका होत्या, फार खवचट — त्यांनी एकदा विचारलं, "अहो, आज पाणी घालायला विसरलात वाटतं?" मी म्हटलं, "विसरले नाही बाई, पाणी महाग झालंय." त्या दिवसापासून आमची मैत्री. बोलायला मी हडपसरला शिकले, पण टोमणा मारायला सदाशिव पेठेत.

आता चंद्राबद्दल. चंद्रा माझी म्हैस. काळी कुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका, आणि शिंगं मागे वळून पार पाठीपर्यंत गेलेली. दिवाळीत आम्ही गवळी लोक म्हशींची सगर काढतो. तुम्ही कधी पाहिली आहे का? म्हशीला धुवायचं, अंगावरचे केस भादरायचे, तेल चोळून चोळून तिला चमकवायचं. शिंगांना रंग, टोकांना मोरपिसांचे तुरे, गळ्यात कवड्यांची माळ, पायांत तोडे, पाठीवर झूल. मग मालकाने पुढे पळत हाक मारायची आणि म्हशीने सगळी गर्दी कापत फक्त त्याच्या मागे धावायचं. दावं नाही, काठी नाही, नुसती हाक. म्हैस किती हाकेत आहे त्यावरून लोक घर जोखतात.

पळायचं ते पुरुषांनी, असा रिवाज. मी पळायची. मालकांचा आवाज मऊ, चंद्रा त्यांना दाद देत नाही, असं मी सगळ्यांना सांगायची. खरं म्हणजे मला पळायचं होतं. पदर खोचून पुढे मी आणि मागे धाडधाड चंद्रा, दोन्ही बाजूंना माणसं — त्या दिवशी मला पुण्याच्या पेशव्यांनी बोलावलं असतं तरी मी थांबले नसते. हे लिहिताना अजूनही छाती फुगते. लपवून काय करू?

माझं बघून पुढच्या दिवाळीला गजरा पळायला लागली.

गजरा म्हणजे माझी धाकटी जाऊ. अंगाने काटकुळी, बोलायला कमी, पण आतून माझ्यापेक्षा चिवट. तिच्या लग्नात तिच्या बापाने एक रेडी आंदण दिली होती. वरातीमागे दोरीने चालत आलेली ती रेडी वाढून मैना झाली. मैना माझ्या चंद्राहून उजवी होती. शिंगांनी, चालीने, अंगाच्या तेजाने — सगळ्यानेच उजवी. हे मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणते आहे. बघा, एवढीच कबुली द्यायची असती तरी मला जड गेली असती. आणि ही तर नुसती सुरुवात आहे.

भाऊ वेगळे झाले तेव्हा गोठेही वेगळे झाले. पेठांमधले रतीब आमच्याकडे राहिले, कारण ते मी जोडले होते. गजरा आपलं दूध डेअरीला घालायची. डेअरीत थेंब नखावर बसला काय नि ओघळला काय, भाव तोच. तेव्हा माझ्याकडे माळा भरून कडबा असायचा, सरकीची पेंड असायची. गजराचं सगळं कुरणावर चालायचं.

हे कुरण वस्तीमागे टेकडीच्या उताराला होतं, आम्हा सगळ्यांचं मिळून. पावसाळाभर ते राखायचं, दिवाळी झाली की गवत कापून वाटून घ्यायचं आणि त्यावर म्हशींचा उन्हाळा काढायचा. एका साली पावसाने दडी मारली. गणपती येऊन गेले तरी कुरणात गवत वीतभर वर आलं नाही, आणि जे आलं ते उभ्या उभ्या पिवळं पडलं. नवरात्रात तिथे नुसता मुरूम दिसायला लागला.

तेव्हा सरकारने जाहीर केलं, की ज्यांचं चराईचं गवत गेलं आहे त्या जनावरवाल्यांना अनुदानाचा चारा मिळेल. आपण थोडं भरायचं, बाकीचं सरकार भरणार. त्याआधी साहेब येऊन कुरण बघणार आणि जनावरंही बघणार. आमचं कुरण सामाईक, म्हणून मिळालं तर साऱ्या वस्तीला मिळणार, नाहीतर कुणालाच नाही. साहेब दिवाळी झाल्यावर येतो म्हणाला. आणि त्याच्याशी बोलायचं कुणी? — या प्रश्नाला वस्तीत एकच उत्तर होतं. मीच. तिथे माझ्याइतकं तोंड कुणाला होतं?

आता इथून पुढे मला जरा थांबत थांबत लिहावं लागणार आहे.

दिवाळी तोंडावर आली तशी जाणती माणसं म्हणाली, यंदा सगर नको. दारातच म्हशी ओवाळू, खायला नाही तिथे मिरवायचं कसलं. सगळ्यांना पटलं. मला नाही पटलं. माझी चंद्रा एका दिवाळीला बिनतुऱ्याची राहिली असती तर काय बिघडलं असतं? काहीच नाही. पण मी म्हटलं, कोणी नाही आलं तरी चंद्रा जाणार. आणि एकदा चंद्रा निघाली म्हटल्यावर बाकीच्यांना कुठलं राहवतंय? घरातलं खाण्याचं तेल म्हशींच्या अंगाला लागलं. शिंगं रंगली, तुरे लागले. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. आमच्यात म्हशीचं हाड दिसणं ही घरातली गोष्ट, ती चारचौघांत जाऊ द्यायची नाही. स्वतः उपाशी राहतील, पण म्हशीला तेल लावतील.

गजराने मैनाला सगरीत आणलं, पण पळवलं नाही. चालवत नेलं. मैना तेव्हा गाभण होती, म्हणून, असं ती म्हणाली. एरवी झूल तिच्या पाठीवर तंग बसायची. त्या वर्षी ती दोन्ही बाजूंना लोंबत होती. मी बघितलं. आणि सण संपल्यावर सगळ्यांनी झुली काढून घड्या करून ठेवल्या, गजराने काढली नाही. येता-जाता कुणाच्या नजरेला मैनाच्या फासळ्या पडू नयेत म्हणून.

साहेब यायच्या दिवशी सकाळी कालव्याला पाणी सुटलं. बऱ्याच दिवसांनी सुटलेलं, त्यामुळे बायका घागरी घेऊन तिकडे पळाल्या. पुरुष दूध घालायला गेलेले, मी तेवढी साहेबासाठी मागे राहिलेली. जाता जाता गजरा माझ्या गोठ्याशी थांबली. "आक्का," ती म्हणाली, "सायब आला की मैनाची झूल काढून दाव त्याला. मला न्हाय जमायचं लोकांपुढं. तू हायेस म्हून सांगते." तिने हे जमिनीकडे बघत सांगितलं. जी बाई नवऱ्यासमोरही मैनाची झूल काढत नव्हती, तिने ती मला काढायला सांगितली होती. मी म्हटलं, जा तू, बघते मी.

साहेब आला. तरुण होता, चष्मेवाला, पुण्यातलाच — बोलण्यावरून पेठेतला वाटत होता. आधी त्याने कुरण पाहिलं. टेकडीवर उन्हातून पार वरपर्यंत गेला, खाली आला, चपलेतला मुरूम झटकला आणि स्वतःच म्हणाला, "कुरण गेलंय, यात शंका नाही." माणूस खोटा नव्हता. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे त्याच्यावर बरंच काही ढकललं गेलं आणि ते ढकलणारी मी आहे.

मग तो गोठ्यांकडे आला. तिथे ओळीने रंगवलेली शिंगं. लाल, हिरवी, जांभळी. शिंगांचा रंग लवकर जात नाही, आणि चंद्राचे तुरे तर मी अजून काढलेच नव्हते. तो बघत उभा राहिला आणि त्याच्या तोंडावर ते हसू आलं — सदाशिव पेठेतलं, ओठ न हलवता हसायचं. म्हणाला, "बाई, चारा मागायला उभ्या आहेत की यांचं लग्न ठरलंय?"

असले टोमणे मी रोज दुधाबरोबर पचवत होते. परत करणंही मला येत होतं. पण त्या दिवशी ते अंगाला झोंबलं. का झोंबलं? चंद्राला हसला म्हणून? की तो पेठेतला आणि उद्या पेठेत सांगेल, की ती दूधवाली आहे ना, तिच्या म्हशी सरकारी चाऱ्यावर जगतात, म्हणून? मला आठवतं, माझ्या डोळ्यांसमोर आधी त्या शिक्षिका बाईच आल्या. अंगठ्याचं नख पुढे करून उभ्या.

त्यालाही कळलं असावं की मला लागलं. तो जरा नरम झाला. म्हणाला, "हे बघा, मला वर काहीतरी सांगावं लागतं. एखादं खंगलेलं जनावर असेल तर दाखवा, बाकीचं मी बघतो." तो मदत करायलाच उभा होता. एवढं सोपं करून दिलं होतं त्याने. पण माझ्या कानात एकच शब्द शिरला — खंगलेलं. माझ्या वस्तीत? माझ्या दावणीच्या शेजारी?

मी म्हटलं, "इथे खंगलेलं जनावर मिळायचं नाही. आमच्या म्हशी आमच्या जिवावर उभ्या आहेत. सरकारची काडी नको आम्हाला."

तो म्हणाला, "हे आपण सगळ्यांच्या वतीने सांगताय?"

"सगळ्यांच्या," मी म्हटलं.

त्याची नजर मैनाकडे गेली. बाकीच्या उघड्या पाठीच्या म्हशींत ती एकटीच झूल घालून उभी होती. "हिला का झाकलंय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "सणाची झूल आहे, काढायची राहिली."  त्याने चष्मा पुसला आणि गाडीत जाऊन बसला.

आणि खरं सांगू का — गाडीची धूळ खाली बसेपर्यंत मी ताठ उभी होते, आणि मला फार बरं वाटत होतं. सरकारला नाही म्हणणारी बाई. कोण म्हणतं असं? कुणाच्यात आहे एवढी धमक?

बायका कालव्यावरून परत आल्या तेव्हा ती धमक कुठे गेली ते मला माहीत नाही. डोक्यावर घागरी घेऊन त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या, आणि मी म्हटलं, साहेब नाही म्हणाला. रंगवलेली शिंगं बघून हसला आणि निघून गेला. कुणीतरी साहेबाच्या सात पिढ्या काढल्या. गजरा मागे थांबली. सगळ्या पांगल्यावर तिने घागर खाली ठेवली.

"झूल काढलीस?"

"काढली."

"मग?"

"म्हणाला, म्हैस चांगली आहे. हिला काय झालंय?"

ही ती गोष्ट. तिच्या डोळ्यांत बघून बोलले मी हे. आणि मी पाहिलं — खोटं नाही सांगत — तिच्या चेहऱ्यावर आधी अभिमान आला. एवढुसा. तिच्या मैनाला साहेबाने चांगली म्हटलं होतं. त्या चांगलं म्हणण्यानेच वैरण गेली, हे तिला नंतर उमगलं, आणि ती घागर उचलून आत गेली.

मग मी जे केलं ते ऐका. दुसऱ्या दिवशी सदाशिव पेठेत, शिक्षिका बाईंच्या दारात, मी खरं सांगितलं. छाती काढून सांगितलं — साहेब चारा द्यायला आला होता, मी म्हटलं, नको. त्या बाई, ज्यांनी कधी कुणाचं धड कौतुक केलं नाही, त्या मला म्हणाल्या, "बसा, चहा घेऊन जा." सबंध पेठेत ती गोष्ट फिरली. दुष्काळात सरकारला परत पाठवणारी दूधवाली. म्हणजे खरं मी पेठेत सांगितलं आणि खोटं वस्तीवर. पेठेत वस्ती ठाऊक नव्हती आणि वस्तीतून सदाशिव पेठेत माझ्याशिवाय कुणी जात नव्हतं. झुलीबद्दल मात्र पेठेतही एक अक्षर बोलले नाही. तेवढं कसं बरोबर गाळलं मी?

कालव्यापलीकडच्या वस्तीला वैरण मिळाली. त्यांच्या बैलगाड्या आमच्याच रस्त्याने जायच्या. गाड्यांतून गवताच्या काड्या सांडायच्या आणि आमच्या वस्तीतली पोरं त्या वेचून आणायची. मी माझ्या लेकींना वेचू दिल्या नाहीत. शिमग्याला वस्तीने साहेबाच्या नावाने बोंब मारली. त्या बोंबेत सर्वांत मोठा आवाज माझा होता.

तुम्ही म्हणाल, तुझ्या माळ्यावर कडबा होता ना? होता. मी नेऊन दिला गजराला. दोन भारे स्वतःच्या डोक्यावरून नेले. मनातून काहीतरी टोचत होतंच, नाही कसं म्हणू, पण चालत गेले ते मान वर करूनच — थोरली जाऊ धाकटीला देते आहे, अशी. तिने दारातच अडवलं. "आक्का, तुजी काडी घेतली की जन्मभर तुज्या दारात वाकून ऱ्हावं लागंल. सरकारची घेतली असती मी. ती काय भीक न्हवती. कुरण गेलं म्हून समद्यांना मिळायची व्हती, तशी मलाबी." मी भारे परत आणले. रस्त्यात लोकांना म्हटलं, घमेंडखोर आहे नुसती.

सरकारी वैरण घेणं म्हणजे हात पसरणं, असं मी धरून चालले होते. वस्तीत बाकी कुणी तसं धरलेलंच नव्हतं. मी कुणाला विचारलं नव्हतं.

गजरा उसाचे वाढे मागून आणायची, झाडाचा पाला ओरबाडून आणायची. मैना व्याली. रेडकू जगलं नाही. त्यानंतर मैना दुधाला टिकलीच नाही. उन्हाळा अर्ध्यावर आला असताना गजराने व्यापाऱ्याला बोलावलं.

रस्त्यावर ट्रक उभा होता. मागे फळी लावलेली. मैना फळीवर पाय ठेवेना. दोघांनी दावं ओढलं, एकाने शेपूट पिळलं, ती पाय रोवून उभी. व्यापारी काठी आणायला वळला तशी गजरा पुढे झाली. पदर खोचला आणि स्वतः फळीवरून ट्रकात चढली. पार आतल्या टोकाला जाऊन तिने हाक मारली, सगरीत मारायची तीच — "मैने, ये." आणि मैना धावली. अंगात काही उरलं नव्हतं तरी धावत फळी चढून तिच्यापाशी गेली. गजराने तिच्या कपाळाला हात लावला आणि कडेच्या फळ्यांवरून खाली उतरली.

मी माझ्या गोठ्याच्या दारात उभी होते. मैनाच्या पाठीवर तेव्हा झूल नव्हती. झूल तेवढी गजराने विकली नव्हती. सारी वस्ती बघत होती आणि कुणाच्याही नजरेतून एक फासळी सुटत नव्हती.

मला मैना बारीक झाल्याचं बरं वाटलं होतं का? हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला. झूल लोंबताना पाहिली होती तेव्हा — हो, थोडं वाटलं होतं. चंद्राच्या जोडीला आता कुणी नाही, असं वाटलं होतं. साहेबासमोर ते मनात होतं की नव्हतं, हे मला आज सांगता येत नाही. नव्हतं असं म्हणावंसं वाटतं, म्हणून म्हणत नाही.

पुढे सगळंच बदललं. कुरणाच्या जागी आता काचेच्या इमारती आहेत आणि माझा नातू तिथे कामाला जातो. गोठ्यांच्या जागी सोसायटी झाली, आम्हा जमीनवाल्यांना फ्लॅट मिळाले. गजरा माझ्या खालच्या मजल्यावर राहते. दोघींचे नवरे गेले, दोघींचे गुडघे गेले. संध्याकाळी आम्ही खाली बाकावर बसतो. ती मला अजून आक्काच म्हणते आणि माझ्या चहात साखर किती ते तिलाच माहीत असतं.

पोरं भोवती जमली की ती मैनाची गोष्ट सांगते. एवढी कमी बोलणारी बाई, पण ही गोष्ट रंगवून सांगते. "दुष्काळ पडला व्हता. समद्या म्हशींची हाडं निघाली. पर माजी मैना अशी व्हती, अशी व्हती, की सरकारचा सायब म्हनला, या म्हशीला चारा कशाला पायजे? खोटं वाटतंय? ह्या आज्जीला इचारा. हिनं स्वतः झूल काढून दावली व्हती." आणि मग ती माझ्याकडे बघते. त्या क्षणी तिची मान माझ्यासारखीच वर असते.

पोरं माझ्याकडे बघतात. मी मान डोलावते. मागच्या दिवाळीलाही डोलावली. तिने ते फडताळात ठेवलेलं जुनं कापड पोरांना दाखवायला खाली आणलं होतं, आरसे गळालेली, विटलेली झूल. तिने ती माझ्या मांडीवर ठेवली, आणि मी ती सगळ्यांदेखत उलगडून दाखवली.

गजराचा अभिमान राखायला मी गप्प आहे, असं तुम्ही समजू नका. मी तसली बाई नाही. तिच्यासाठी मी आयुष्यात काही राखलेलं नाही. मी गप्प आहे, कारण माझी मान मला प्यारी आहे. अजूनही. सदाशिव पेठेतल्या त्या दारात मिळालेला चहा मला आजही गोड लागतो. चंद्राच्या पुढे पळाले होते ती मीच, आणि सरकारला नको म्हटलं होतं तीही मीच, आणि दोन्ही आठवलं की ताठ व्हायला होतं. ते वजा करून सांगता येत नाही मला.

एक मात्र मघाशी गाळलं. पेठेत गाळलं होतं तसंच, हात सरावलेला आहे. साहेबाने विचारलं ना, हिला का झाकलंय — तेव्हा मी मैनाच्या अंगाला लागूनच उभी होते आणि माझा हात त्या झुलीवर होता. नुसतं ओढलं असतं तरी ती खाली आली असती. कापडाखाली माझ्या बोटांना एकेक फासळी लागत होती. झूल एका बाजूने सरकली होती, त्या बाजूला मैनाचं हाड थोडं उघडं पडलं होतं. साहेबाला ते दिसायच्या आत मी झूल ओढून सारखी केली.